आमवात आणि पूरक गोळ्या : डॉक्टरांच्या कागदावर न आलेले औषध

कुळागर (धागालेखिका)

आमवाताच्या, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या रुग्णाच्या रक्ततपासणीत एसजीपीटी (यकृताला त्रास होत असल्याचे दाखवणारा आकडा) वाढलेले दिसले की डॉक्टरांचा पहिला संशय मेथोट्रेक्सेट या आमवाताच्या मुख्य औषधावर जातो. तो रास्तही आहे, कारण हे औषध यकृताला त्रास देऊ शकते. म्हणूनच सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी आणि पुढे साधारण तीन महिन्यांनी यकृताची तपासणी करायला सांगतात. मग मात्रा कमी केली जाते किंवा गोळी काही आठवडे थांबवली जाते. पण त्याच काळात रुग्ण सकाळी गुळवेलीचा काढा, दुपारी हळदीच्या अर्काची कॅप्सूल आणि रात्री अश्वगंधा घेत असेल आणि डॉक्टरांना त्याचा पत्ताच नसेल, तर दोष कोणाचा हे ठरणार कसे? अशा वेळी लागू पडलेले औषध बंद होते, सांधे पुन्हा सुजतात, आणि यकृत कदाचित ज्याच्यामुळे बिघडले ते मात्र चालूच राहते. या एका गोष्टीसाठी मी हा धागा काढत आहे.

फोंडा तालुक्यात माझे औषधांचे दुकान आहे आणि माझ्या थोरल्या बहिणीला आमवात आहे, त्यामुळे हा विषय मला दुकानाच्या दोन्ही बाजूंनी दिसतो. कुवेतला किंवा इंग्लंडला असलेली मुले आईसाठी कॉड लिव्हर ऑइलच्या मोठ्या बाटल्या पाठवतात. शेजारीण आपल्या गुडघ्याला मानवलेली ग्लुकोसामाइन ही सांध्यांसाठीची पूरक गोळी आणून देते. पाऊस लागला, सकाळी बोटे वळेनाशी झाली, की माणूस जे जे कोणी सांगेल ते करून पाहतो आणि यात त्याला नावे ठेवण्यासारखे काहीही नाही. मेथोट्रेक्सेटची माहिती वाचताना ‘कर्करोगावरील औषध’ हे शब्द दिसले की घरात धास्ती बसते. आमवातात ते आठवड्यातून एकदाच आणि कर्करोगाच्या मानाने फार थोड्या मात्रेत देतात, हे समजावून सांगायला बाह्यरुग्ण विभागातल्या गर्दीत कोणाला वेळ मिळत नाही. पूरक गोळीची मात्र भीती वाटत नाही, कारण तिला चिठ्ठी लागत नाही. आणि डॉक्टर रागावतील म्हणून ती त्यांना सांगितलीही जात नाही.

आता एकेका पदार्थाबद्दल. सगळे एकाच तराजूत तोलणे अन्यायाचे होईल, म्हणून ज्याच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा आहे त्यापासून सुरुवात करते.

माशाच्या तेलातील ओमेगा-३, म्हणजे ईपीए आणि डीएचए ही दोन मेदाम्ले, पुरेशा मात्रेत आणि निदान तीन महिने घेतली तर सकाळचा ताठरपणा आणि दुखणे काही प्रमाणात कमी होते आणि वेदनाशामक गोळ्यांची गरज घटते, असे अनेक चाचण्यांतून दिसले आहे. ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेड येथे नव्याने आमवात झालेल्या रुग्णांवर केलेली एक चाचणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. तीत रोज साडेपाच ग्रॅम ओमेगा-३ घेणाऱ्यांमध्ये औषधोपचार अपुरे पडण्याचे प्रमाण कमी होते आणि रोग आटोक्यात येण्याचे प्रमाण जास्त. पण या सर्वांना मेथोट्रेक्सेट, सल्फासालाझीन आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन ही तिन्ही औषधे चालू होती. तेल त्यांच्या जोडीला होते, त्यांच्या जागी नव्हते. दुसरी गोष्ट हिशोबाची आहे. बाटलीवर ‘१००० मिलिग्रॅम’ असे ठळक छापलेले असते ते तेलाचे वजन असते. नेहमीच्या कॅप्सूलमध्ये ईपीए १८० आणि डीएचए १२०, म्हणजे कामाचा भाग ३०० मिलिग्रॅमच असतो. आमवाताच्या चाचण्यांत साधारण २७०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक मात्रा वापरलेली आढळते. म्हणजे अशा नऊ कॅप्सूल रोज. रोज एक कॅप्सूल घेऊन ‘मला काही फरक पडला नाही’ म्हणणारे आणि ‘फार फरक पडला’ म्हणणारे, दोघांनीही हा आकडा एकदा पाहावा. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी इतकी मात्रा स्वतःच्या मनाने घेऊ नये.

कॉड लिव्हर ऑइल मात्र निराळे. ते माशाच्या यकृताचे तेल असल्याने त्यात अ आणि ड जीवनसत्त्वेही असतात, आणि ओमेगा-३ भरपूर मिळावे म्हणून त्याची मात्रा वाढवली तर अ जीवनसत्त्व धोक्याच्या पातळीपर्यंत जाऊ शकते.

हळदीबद्दल लिहिताना मला जपून लिहावेसे वाटते, कारण हळद आपल्या हुमणातही आहे आणि पातोळ्यांच्या पानातही. त्या हळदीबद्दल मी बोलत नाही. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन हा तिचा गुणकारी मानला जाणारा घटक साधारण तीन टक्के असतो आणि तोही शरीरात फारसा शोषला जात नाही. कॅप्सूलमध्ये मात्र त्याचा घट्ट अर्क असतो, आणि शोषण वाढावे म्हणून त्यात मिऱ्यातील पायपरीन घातलेले असते. हे पायपरीन यकृतात औषधांचे विघटन करणाऱ्या काही विकरांनाही (एन्झाइमांनाही) अडवते, त्यामुळे आपण घेत असलेल्या दुसऱ्या औषधाची रक्तातील पातळी नकळत वाढू शकते. अशा अर्कांमुळे यकृताला सूज आल्याच्या नोंदी अमेरिकेत आणि इटलीत झाल्या आहेत. सांधेदुखीवर कर्क्युमिनचा थोडा उपयोग दाखवणाऱ्या लहान चाचण्या आहेत, हेही खरे. म्हणून ‘घेऊच नका’ असे मी म्हणत नाही. मेथोट्रेक्सेट किंवा लेफ्लुनोमाइड हे आमवाताचे दुसरे औषध चालू असताना डॉक्टरांना न सांगता घेऊ नका, एवढेच म्हणते.

गुळवेलीचा प्रश्न अधिक गंभीर आहे. करोनाच्या साथीत प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून घरोघरी गुळवेल घेतली गेली. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, ज्यांच्या यकृताला गुळवेलीनंतर इजा झाली होती. २०२२ मध्ये देशातील अनेक केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांचा अहवाल दिला. ही इजा स्वप्रतिकार पद्धतीची होती, म्हणजे शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच यकृतावर उलटली होती. आमवातात ही यंत्रणा आधीच आपल्या सांध्यांवर उलटलेली असते आणि आपली औषधे तिला शांत करण्यासाठी असतात. तिलाच चेतवणारे काही घेताना दहादा विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपापले अनुभव लिहावेत, मात्र औषध, मात्रा आणि काळ यांसह लिहावेत, म्हणजे वाचणाऱ्याला उपयोग होईल.

सुरंगी

कुळागरताई, धागा वेळेवर आला. मला आमवात होऊन बरीच वर्षे झाली आणि बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) माझे उपचार चालू आहेत. मेथोट्रेक्सेट सुरू झाले तेव्हा तोंड येणे आणि मळमळ यांनी मी हैराण झाले होते, पण त्याच्या जोडीची फॉलिक अ‍ॅसिडची गोळी नियमित घेऊ लागल्यावर तो त्रास पुष्कळ आटोक्यात आला. ही गोळीही एक जीवनसत्त्वच आहे, पण ती डॉक्टरांच्या कागदावर आहे, किती घ्यायची आणि मेथोट्रेक्सेटच्या दिवशी घ्यायची नाही हे तिथे लिहिलेले आहे, आणि म्हणून तिचा गोंधळ होत नाही. बाकीच्या गोळ्यांनाही हीच शिस्त लावता येईल, असे आपले लिखाण वाचून वाटले.

मला विचारायचे आहे ते माशांबद्दल. आमच्याकडे बांगडे आणि तारले आठवड्यातून तीन-चारदा होतात. सोमवार, गुरुवार आणि श्रावण सोडला तर नुस्त्याशिवाय जेवण होत नाही. तर मग कॅप्सूलची गरज आहे का? आणि जूनजुलैत ट्रॉलर बंद असतात, तेव्हा सुके बांगडे चालतील का? माझ्या जावेला मासे वर्ज्य आहेत. ती जवस भाजून खाते, तिला तोच लाभ होईल का?

कुळागर

सुरंगीताई, बांगडा आणि तारला हे दोन्ही तेलकट मासे आहेत आणि ओमेगा-३ साठी महागड्या इसवणापेक्षा (सुरमईपेक्षा) ते सरसच ठरतात. आठवड्यातून तीन-चारदा ते खाणे प्रकृतीसाठी उत्तम, आणि हुमण किंवा कालवण करून खाल्ले तर रवा लावून तळण्यापेक्षा अधिक चांगले. पण चाचण्यांत वापरलेली औषधी मात्रा रोजच्या जेवणातून गाठणे कठीण असते. ज्यांचा आजार औषधांनी आटोक्यात आहे त्यांनी मासे खावेत आणि कॅप्सूलच्या मागे लागू नये, असे मला वाटते. सांधे अजून सुजत असतील आणि वेदनाशामक गोळ्या सुटत नसतील, तर डॉक्टरांशी मात्रेबद्दल जरूर बोलावे.

सुक्या माशात मीठ फार असते. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू असेल किंवा रक्तदाब असेल तर बंदीच्या दोन महिन्यांत तो बेतानेच खावा. जवसात ओमेगा-३ आहे, पण ते निराळ्या रूपात आहे आणि त्याचे ईपीएमध्ये रूपांतर शरीरात फार थोडे होते. जवस खाण्यात तोटा नाही, पण माशाच्या तेलाची जागा ते घेणार नाही. शाकाहारी माणसांसाठी सागरी शैवालापासून काढलेले ओमेगा-३ आता मिळते.

तिसवाडीकर

धागा अभ्यासपूर्ण आहे, पण मला तो एकांगी वाटतो. आपल्या आज्या-पणज्या याच वनस्पतींवर जगल्या. इंग्रजी औषधांचे दुष्परिणाम चिठ्ठीसोबत छापून येतात आणि तरी ती सुरक्षित, आणि परसातली गुळवेल मात्र धोक्याची, हे पटत नाही. माझ्या पत्नीला पाच वर्षे आमवात आहे. गेल्या वर्षी एका ओळखीच्यांनी बाहेरगावच्या एका माणसाकडून सांधेदुखीचे चूर्ण आणून दिले. चार दिवसांत सूज उतरली, भूक वाढली, चेहऱ्यावर तजेला आला. दवाखान्यात वर्षभर खेटे घालून जे झाले नाही ते या चूर्णाने झाले. पुडीवर नाव नाही, हे खरे. पण गुण आला हेही खरेच आहे. दुष्परिणाम नको म्हणून तिने दवाखान्याच्या गोळ्या सध्या बंद ठेवल्या आहेत.

कुळागर

तिसवाडीकर, आपल्या पत्नीला आराम पडला याचा आनंद आहे आणि आपली चीड मला समजते. तरीही कृपा करून पुढचे शांतपणे वाचा, कारण मला मनापासून काळजी वाटते आहे.

आमवातात कोणतीही वनस्पती चार दिवसांत सूज उतरवत नाही. मेथोट्रेक्सेटलाही सहा ते बारा आठवडे लागतात. इतक्या लवकर गुण येणे, भूक वाढणे आणि चेहरा भरणे ही स्टेरॉइडची ओळखीची लक्षणे आहेत. सांधेदुखीच्या बेनावी चूर्णांत आणि गोळ्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळल्याच्या घटना आपल्या देशात पुन्हा पुन्हा घडल्या आहेत. आपल्या पुडीत ते आहेच असे मी इथे बसून म्हणू शकत नाही, पण तसे असेल तर दोन धोके आहेत. एक, साखर, रक्तदाब आणि हाडांची झीज हे सगळे कोणाच्याही देखरेखीविना वाढत असेल. दुसरा अधिक तातडीचा: हे चूर्ण एकाएकी बंद करू नका. बाहेरून दीर्घकाळ स्टेरॉइड मिळत राहिले की शरीर आपले स्वतःचे बनवणे कमी करते आणि एकदम थांबवल्यास माणूस कोसळू शकतो. ती पुडी घेऊन याच आठवड्यात संधिवाततज्ज्ञांकडे किंवा निदान आपल्या फिजिशियनकडे जा आणि सगळे जसेच्या तसे सांगा.

गोळ्या बंद ठेवण्याबद्दलही. स्टेरॉइडने दुखणे दबते, पण सांध्याची झीज केवळ त्याच्या भरवशावर थांबत नाही. आमवातात सांध्याची हानी पहिल्या काही वर्षांत झपाट्याने होते आणि एकदा वाकडे झालेले बोट कोणत्याही औषधाने सरळ होत नाही.

मी एकांगी आहे असे वाटत असेल तर हेही सांगते, की अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत व्यायामाची जोरदार शिफारस आहे, मासे, भाज्या, कडधान्ये आणि ऑलिव्ह तेल यांवर भर देणाऱ्या भूमध्य सागरी धाटणीच्या आहाराची सौम्य शिफारस आहे आणि पूरक गोळ्यांच्या विरोधात कल आहे, तोही सौम्यच. म्हणजे तज्ज्ञांनी दार बंद केलेले नाही. माझाही आग्रह सांगण्याचा आहे, सोडण्याचा नाही.

म्हादई

मी आयुर्वेदाचा पदवीधर असून डिचोली भागात चिकित्सा करतो. माझ्या शास्त्राविषयी दोन्ही बाजूंनी चाललेले बोलणे वाचून काही गोष्टी मांडतो.

गुळवेलीच्या २०२१ च्या अहवालावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला होता. गुळवेलीसारखीच दिसणारी तिच्याच कुळातील दुसरी वेल रुग्णांनी घेतली असण्याची शक्यता तपासली गेली नाही, असा त्यातला मुख्य मुद्दा होता आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. पण यातून ‘गुळवेल निर्धोक आहे’ हा निष्कर्ष निघत नाही. उलट परसातल्या कुंपणावरची वेल कोणती हे न ओळखता तोडून तिचा काढा महिनोन्‌महिने पिणे हे आयुर्वेदालाच मान्य नाही, हा निष्कर्ष निघतो. आमच्याकडे रुग्णाचा अग्नी, प्रकृती, ऋतू आणि अवस्था पाहून द्रव्य, मात्रा आणि काळ ठरतो. जाहिरात पाहून बाटली आणणे ही आयुर्वेदाची चिकित्सा नव्हे.

आमवातावर आयुर्वेदाचा अभ्यास झालेलाच नाही, हेही खरे नाही. कोइंबतूर येथे झालेली एक दुहेरी अंध पद्धतीची (कोणाला कोणते औषध मिळते हे रुग्ण आणि तपासणारा दोघांनाही ठाऊक नसलेली) चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत शास्त्रोक्त आयुर्वेदिक उपचार, मेथोट्रेक्सेट आणि दोन्ही एकत्र असे तीन गट होते आणि तिन्हींत सुधारणा जवळजवळ सारखी दिसली. रुग्णसंख्या फार थोडी होती, तो प्राथमिक स्वरूपाचा अभ्यास होता, त्यामुळे त्यावरून मेथोट्रेक्सेट सोडा असे कोणी सांगत असेल तर ते बेजबाबदारपणाचे आहे. पण त्या रुग्णांना वैद्याने तपासून, प्रत्येकाला त्याच्या अवस्थेप्रमाणे औषध दिले होते, हे लक्षात घ्यावे.

रसकल्पांबद्दल, म्हणजे पारा आणि इतर धातू-खनिजांपासून केलेल्या औषधांबद्दल, स्पष्ट बोलायला हवे. पारा, सोमल (आर्सेनिक), बचनाग ही विषारी वनस्पती यांसारखी द्रव्ये असलेल्या कल्पांच्या वेष्टनावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशी सूचना छापणे कायद्याने बंधनकारक आहे. अमेरिकेतील बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा सोमल आढळल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा आमच्यातील अनेकांना राग आला होता. मला वाटते, त्या रागापेक्षा शोधन, मारण (द्रव्य शुद्ध करण्याच्या आणि त्याचे भस्म करण्याच्या क्रिया) आणि प्रत्येक घाण्याची (बॅचची) प्रयोगशाळेतील तपासणी यांकडे लक्ष देणे अधिक हिताचे होते. धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्था आहे, शिरोड्याला आयुर्वेद महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. ज्यांना आयुर्वेद हवा त्यांनी तिथे जावे, चालू असलेली सर्व औषधे दाखवावीत आणि वैद्याने दिलेला कागद परत संधिवाततज्ज्ञांना दाखवावा. तिसवाडीकर, आपण त्या बेनावी चूर्णाला आयुर्वेद म्हणू नये, ही विनंती.

तिसवाडीकर

वैद्यराज आणि ताई, दोघांचेही आभार. पत्नीशी बोललो. पुडी घेऊन सोमवारी डॉक्टरांकडे जात आहोत. तोवर चूर्ण बंद केलेले नाही.

आबोली

माझा प्रश्न तुलनेने लहान आहे, पण तो अनेकींचा असेल. लेफ्लुनोमाइड सुरू झाल्यापासून माझे केस फार गळतात, म्हणून ‘केस, त्वचा आणि नखे’ असे लिहिलेल्या बायोटिनच्या गोळ्या घेते. शिवाय अंगात रक्त कमी आहे म्हणून घरात पडून असलेल्या लोहाच्या गोळ्याही मधूनमधून घेते, आणि हाडांसाठी ड जीवनसत्त्वाची पुडी आहे. थायरॉइडची तपासणी पुढच्या पंधरवड्यात आहे. यातले काय सांगायचे आणि काय नाही?

पेडण्याहून

आबोलीताईंच्या प्रश्नाला जोडून लिहिते. माझे लग्न नुकतेच झाले असून आम्हाला मुलाचा विचार करायचा आहे. सासूबाई प्रेमाने कॉड लिव्हर ऑइल घ्यायला सांगतात. मी मेथोट्रेक्सेटवर आहे. काय करावे?

कुळागर

आबोलीताई, सगळेच सांगायचे. बायोटिनचे तर आवर्जून, कारण त्या गोळ्यांत बहुधा पाच ते दहा मिलिग्रॅम बायोटिन असते आणि शरीराची रोजची गरज त्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी आहे. इतके बायोटिन रक्तात असले की काही यंत्रांवर थायरॉइडचे आकडे खोटे येतात. टीएसएच आणि टी-४ या थायरॉइडच्या तपासणीतल्या दोन संप्रेरकांपैकी पहिले कमी आणि दुसरे जास्त दिसून थायरॉइड वाढल्याचे चुकीचे निदान होऊ शकते. तपासणीपूर्वी किमान दोन दिवस ती गोळी थांबवावी आणि प्रयोगशाळेत तसे सांगावे. केसगळतीबद्दल संधिवाततज्ज्ञांशी बोला, मात्रा बदलण्याचा मार्ग त्यांच्याकडे असतो.

आमवातात रक्त कमी असण्याचे कारण पुष्कळदा दाह हेच असते. तेव्हा शरीरात लोह असते पण ते वापरले जात नाही, आणि दाहामुळे फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारा आकडा) मुळातच वाढलेले दिसते, त्यामुळे आकडा पाहून आपल्याला अंदाज करता येत नाही. वेदनाशामक गोळ्यांनी जठरातून रक्त जात असेल तर मात्र लोह खरेच कमी होते. कोणते कारण आहे हे डॉक्टरांनी ठरवू द्या. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी साधारणपणे आठवड्यातून एकदा आणि ठरावीक आठवडेच घ्यायची असते; ती रोज घेतल्याने रक्तातील कॅल्शियम वाढून रुग्णालयात दाखल व्हावे लागलेली माणसे आहेत. स्टेरॉइड चालू असताना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दोन्ही गरजेची आहेत, म्हणून ती बंद करू नका, केवळ मात्रा तपासून घ्या.

पेडण्याच्या ताई, आपण गर्भधारणेचा प्रयत्न सुरू करण्याआधीच डॉक्टरांना भेटा. मेथोट्रेक्सेटने गर्भाला इजा होते, म्हणून ते गर्भधारणेपूर्वी एक ते तीन महिने थांबवावे लागते, आणि त्या काळात चालणारी दुसरी औषधे देता येतात, म्हणजे आजार उफाळत नाही. तोवर गर्भनिरोधन चालू ठेवा. फॉलिक अ‍ॅसिड मात्र मेथोट्रेक्सेट थांबल्यावरही चालूच ठेवायचे असते, मात्रा डॉक्टर सांगतील. कॉड लिव्हर ऑइल आपल्यासाठी नको, कारण त्यातील अ जीवनसत्त्व अधिक झाले तर गर्भात व्यंग निर्माण होऊ शकते. सासूबाईंना बांगड्याचे हुमण करायला सांगा.

आणि ज्यांना एखाद्या गोळीने, काढ्याने किंवा औषधाने त्रास झाला आहे त्यांनी तो नोंदवावा. देशाच्या औषध दक्षता कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक त्यासाठीच आहे, आणि तिथे रुग्ण स्वतःही माहिती देऊ शकतो. कळवताना वेष्टन जवळ ठेवा. पूरक आहाराच्या वेष्टनावर अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा आकडी क्रमांक, घाण्याचा क्रमांक आणि तारीख असते, ती वाचून सांगा.